लहान मुलांचा जांघेतला हर्निया: आईबाबा आणि आजीआजोबा नेहमी विचारतात ते प्रश्न

बाळाच्या जांघेत फुगवटा आलाय, तो कडक झालाय, आत जात नाही, बाळ कळवळून रडतंय किंवा उलट्या करतंय, अशी परिस्थिती आत्ता घरात असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. बाळाला काहीही न पाजता थेट रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. बाकीच्यांनी सावकाश वाचावं.

जांघेतला हर्निया म्हणजे नेमकं काय?

मुलगा आईच्या पोटात असताना त्याची वृषणं, म्हणजे घरी आपण ज्यांना गोट्या म्हणतो त्या, आधी त्याच्या पोटातच मूत्रपिंडांच्या आसपास असतात. सातव्या महिन्याच्या सुमारास त्या जांघेतल्या वाटेने खाली सरकतात आणि बहुतेक मुलांच्या जन्माआधी अंडकोशात पोचतात. उतरताना पोटाच्या आतलं पातळ अस्तरही पिशवीसारखं त्यांच्याबरोबर ओढलं जातं. गोटी जागेवर पोचली की ही पिशवी मिटायला हवी. पुष्कळ बाळांची ती जन्मावेळी उघडीच असते आणि पुढच्या काही महिन्यांत मिटते. काहींची मोठेपणीही जराशी उघडी राहते आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण तिचं तोंड आतडं शिरण्याइतकं रुंद राहिलं, तर रडताना, खोकताना, कुंथताना आतडं त्यात उतरतं आणि जांघेत फुगवटा दिसतो. हाच हर्निया. जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात तोही हाच.

मोठ्या माणसांचा हर्निया बहुधा पोटाचे स्नायू कमजोर पडल्यामुळे होतो. मुलांचे स्नायू ठणठणीत असतात, फक्त मिटायची पिशवी मिटलेली नसते. आजोबांच्या हर्नियाचा अनुभव नातवाला लावू नये, तो यासाठी.

आमचं बाळ फार रडायचं, म्हणून झाला का? की मालीश चुकली?

दोन्ही नाही. रडण्याने हर्निया होत नाही, आधीपासून असलेला दिसतो. आईने गरोदरपणी वजन उचललं, जिना चढली, वातूळ खाल्लं, यांचाही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण ओपीडीत आई तपासणीच्या टेबलाजवळ उभी असते आणि मागून कोणीतरी नातेवाईक ‘हिनेच नीट काळजी घेतली नाही’ असं पुटपुटत असतं. पिशवी मिटली नाही यात कुणाचाही दोष नाही.

कोणत्या मुलांना जास्त होतो?

पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये साधारण शंभरात एक ते पाच जणांना होतो. मुलग्यांत मुलींपेक्षा बराच जास्त. अभ्यासागणिक हा आकडा तिप्पट ते दहापट असा बदलतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत धोका खूप वाढतो, आणि एक किलोपेक्षाही कमी वजनाच्या बाळांत तर तो शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. पिशवी मिटायला वेळच मिळालेला नसतो. उजव्या बाजूला जास्त दिसतो, साधारण ६० टक्के. डावीकडे ३० टक्के. आणि दोन्हीकडे १० टक्के. उजवी गोटी थोडी उशिरा उतरते, हे त्याचं कारण मानलं जातं.

गोटी खाली न उतरलेली मुलं, मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी नळी बसवलेली मुलं, पोटातून डायलिसिस चालू असलेली मुलं आणि ज्यांच्या शरीरातले जोडणारे तंतू जन्मतः सैल असतात अशी मुलं, यांच्या जांघेवर डॉक्टरांनी आणि घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायला हवं.

घरी ओळखायचा कसा?

बहुतेक वेळा तो डॉक्टरांना नाही, आईला किंवा मालीश करणाऱ्या मावशींना आधी दिसतो. अंघोळीच्या वेळी बाळ पाय ताणून रडतं, आणि लंगोटाच्या कडेला, जांघेच्या घडीत बोटाच्या पेराएवढा किंवा लिंबाएवढा उंचवटा वर येतो. कधी तो अंडकोशापर्यंत उतरतो आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसते. बाळ शांत झालं, दूध पिऊन झोपलं की तो गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चालत्या-पळत्या मुलात संध्याकाळी, दिवसभर खेळून झाल्यावर किंवा शी करताना दिसतो आणि सकाळी उठल्यावर नसतो.

हे येणं-जाणं हीच त्याची खूण. साधा हर्निया सहसा दुखत नाही. बाळ आनंदात असतं आणि त्यामुळेच घरचे निर्धास्त राहतात.

दवाखान्यात नेलं तर गाठ दिसलीच नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही. आता?

ही तक्रार नेहमीची आहे. उपाय तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. पुढच्या वेळी फुगवटा दिसला की लगेच फोटो काढा. उजेड नीट असू द्या, दोन्ही जांघा आणि अंडकोश एकाच चौकटीत येऊ द्या, म्हणजे बाजू ओळखता येते. एक फोटो फुगवटा असतानाचा, एक तो गेल्यावरचा. बालशल्यचिकित्सकाला, म्हणजे पीडियाट्रिक सर्जनला, असे फोटो आणि आईचं वर्णन बऱ्याचदा पुरेसं होतं. फोटो मात्र डॉक्टरांनाच दाखवा. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची गरज नाही.

तपासताना आम्ही डॉक्टर मोठ्या मुलाला फुगा फुगवायला किंवा खोकायला सांगतो, तान्ह्याला थोडं रडू देतो. फुगवटा तरीही आला नाही, तर जांघेतल्या दोरीवरून, म्हणजे गोटीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या-नळ्यांच्या जुडग्यावरून, बोट हलकेच फिरवून बघतो. पिशवी असेल तर रेशमाच्या दोन पदरांसारखी एक घसरण बोटाला लागते. हे हाताच्या सवयीचं काम आहे आणि दरवेळी खात्रीचं नसतं. म्हणून एका तपासणीत गाठ दिसली नाही एवढ्यावर आईचं म्हणणं खोडून काढू नये, असं माझं मत आहे.

सोनोग्राफी लागते का?

बहुतेकांना नाही. वर्णन गोंधळाचं असेल, हायड्रोसीलची, म्हणजे अंडकोशात नुसतं पाणी साठल्याची, शंका असेल, गोटी जागेवर लागत नसेल किंवा मुलीच्या जांघेत कडक गाठ असेल, तेव्हा उपयोग होतो. सोनोग्राफीच्या वेळी बाळ शांत झोपलेलं होतं आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तरी हर्निया नाही असं सिद्ध होत नाही.

हायड्रोसील आणि हर्निया यांत फरक काय?

वाट एकच, आत उतरतं ते वेगळं. पिशवीचं तोंड बारीक असेल तर आतडं शिरत नाही, फक्त पोटातलं पाणी झिरपून अंडकोशात साठतं. ते हायड्रोसील. ते साधारण दिवसभर तसंच राहतं, किंवा संध्याकाळी थोडं वाढतं, दाबलं तर पटकन आत जात नाही, दुखत नाही, आणि अंधारात टॉर्च लावला तर लालसर उजळतं. टॉर्चवर मात्र तान्ह्या बाळात विसंबू नका, त्याचं पातळ आतडंही उजळू शकतं.

हायड्रोसील बहुतेक बाळांत एक ते दोन वर्षांत आपोआप जातं, त्यामुळे तिथे थांबणं योग्य. हर्नियात थांबणं योग्य नाही. घरच्या घरी ‘पाणीच आहे, जाईल’ असं ठरवण्यात धोका आहे तो इथे.

बेंबीचा हर्निया आपोआप बरा होतो म्हणतात. मग हा का नाही?

बेंबीचं छिद्र वयानुसार आकसत जातं. बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत बंद होतं, आणि तो अडकण्याचं प्रमाणही फार कमी आहे. जांघेतल्या हर्नियाच्या पिशवीत एकदा आतडं ये-जा करायला लागलं की ती मिटेल याची आशा धरता येत नाही. आणि तिचं तोंड अरुंद, ताठ वाटेत असल्यामुळे अडकण्याची भीती खरी आहे.

जाता जाता: बेंबीवर नाणं ठेवून पट्टी बांधण्याची पद्धत अजून घरोघरी आहे. बेंबी मुळातच बरी होणार असते, श्रेय नाण्याला जातं, आणि खालची कातडी सोलवटते ती वेगळीच. जांघेवर तर असलं काही बांधूच नका.

मुलींनाही होतो? आमच्या मुलीच्या जांघेत वाटाण्यापेक्षा जरा मोठी, न दुखणारी गाठ आहे.

होतो. मुलींमध्येही तशीच एक छोटी पिशवी असते. त्यात आतड्याऐवजी अंडाशय उतरलेलं असण्याची शक्यता बरीच असते, आणि तुम्ही सांगता तशी सरकणारी, न दुखणारी गाठ हे त्याचंच नेहमीचं रूप. ती दाबून आत घालवायचा प्रयत्न करू नका. अंडाशय तिथे पीळ पडून खराब होऊ शकतं, म्हणून दुखत नसलं तरी काही दिवसांच्या आत पीडियाट्रिक सर्जनला दाखवा. दुखायला लागली, लाल झाली तर त्याच दिवशी.

दोन्ही बाजूंना हर्निया असलेल्या मुलीत क्वचित अंतर्गत लैंगिक अवयवांची घडण वेगळी असू शकते. त्यासाठी डॉक्टर एखादी सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी सुचवतील. घाबरू नका, पण टाळूही नका.

जांघेतली प्रत्येक गाठ हर्नियाच का?

नाही. पायाला जखम किंवा गळू झालं की जांघेत अवधाण येतं. त्या गाठी टणक, एकाहून जास्त आणि रडण्याने कमी-जास्त न होणाऱ्या असतात. अंडकोश रिकामा आणि गाठ जांघेत असेल तर ती न उतरलेली गोटी असू शकते. आणि मुलाचा अंडकोश अचानक दुखायला लागून सुजला, तर गोटीला पीळ पडलेला असू शकतो. त्यात काही तासांत गोटी गमवावी लागते. हर्निया की पीळ हे घरी ठरवत बसायचं नाही, निघायचं.

‘अडकला’ म्हणजे काय? कसं कळणार?

पिशवीत उतरलेलं आतडं परत जाऊ शकत नाही, तेव्हा हर्निया अडकला म्हणतात. अरुंद तोंडात आधी आतड्यावर सूज येते, सुजेमुळे ते आणखी आवळलं जातं, मग त्याचा रक्तपुरवठा तुटायला लागतो. शेजारून जाणाऱ्या गोटीच्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. आतडं वाचलं तरी गोटी पुढे सुकू शकते, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही.

एरवी मऊ असणारा, झोपल्यावर जाणारा फुगवटा आता टणक लागतो. हात लावला की बाळ किंचाळतं. ते शांत होत नाही, दूध तोंडात घेत नाही. उलट्या सुरू होतात, आधी दुधाच्या, मग हिरव्या-पिवळ्या. पोट फुगतं, शी आणि वारा सरणं थांबतं. शेवटी गाठीवरची कातडी लाल किंवा काळपट होते आणि बाळ मलूल पडतं. या शेवटच्या टप्प्याची वाट बघायची नसते. कडक गाठ आणि न थांबणारं रडणं एवढ्यावरच निघा.

बाळ रात्रभर का रडतंय हे कळत नाही, म्हणून घुटी, ग्राइप वॉटर, ओव्याचा शेक, दृष्ट काढणं सगळं होतं, आणि लंगोट उघडून कुणी बघितलेलं नसतं. रडणाऱ्या तान्ह्याचे सगळे कपडे काढून त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघणं हा पहिला उपाय. शेक नंतर.

रुग्णालयात पोचेपर्यंत काय करावं?

दूध, पाणी, औषध काही देऊ नका. भूल द्यायची वेळ येऊ शकते. शेवटचं दूध किती वाजता पाजलं ते लक्षात ठेवा. बाळाला उताणं ठेवा, शांत करा. जवळ पीडियाट्रिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ असलेलं रुग्णालय कोणतं हे फोन करून विचारून घ्या. ते दूर असेल, तर वाटेतल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थांबून दुखणं कमी करायचं औषध आणि सलाइन लावून पुढे जाता येतं. तिथल्या डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयाशी फोनवर बोलायला सांगा.

गाठ घरी दाबून आत घालू का?

मऊ, न दुखणारा फुगवटा बाळ शांत झाल्यावर आपणच जातो, त्याला हात लावायची गरज नाही. दुखणारा, कडक फुगवटा घरी दाबू नये. मावशींनाही हे सांगून ठेवा. मालीश बाकी अंगाला करा, तिथे नको.

रुग्णालयात आम्हीही तो दाबूनच आत घालतो, पण रीतसर: दुखणं आणि रडणं कमी करणारं औषध देऊन, पायथा उंच करून, एका हाताने पिशवीचं तोंड सरळ धरून दुसऱ्या हाताने सावकाश, काही मिनिटं सलग दाब ठेवून. बहुतेक वेळा आतडं आत जातं. मग बाळाला दाखल ठेवतात आणि सूज उतरायला दिवस-दोन दिवस देऊन त्याच मुक्कामात ऑपरेशन करतात. आतडं आत गेल्यावर ‘आता बरं आहे’ म्हणून घरी परतणं हा वाईट सौदा आहे, कारण अडकलेला हर्निया पुन्हा अडकू शकतो. आत जातच नसेल किंवा आतडं खराब झाल्याची लक्षणं असतील, तर तातडीने ऑपरेशन.

पट्टा, मालीश, गोळ्या, लेप?

नाही. उघड्या पिशवीचं तोंड यांतल्या कशानेही मिटत नाही. पट्ट्याने उलट आतडं तिथेच दाबलं जातं.

मग ऑपरेशन कधी करायचं? वर्षाचा झाल्यावर केलं तर?

निदान झालं की लवकरची तारीख घ्यायची. ‘वजन वाढू दे’, ‘पावसाळा जाऊ दे’, ‘जावळ झाल्यावर करू’ या सगळ्यांचा हर्नियाशी काही संबंध नाही. सर्वांत जास्त हर्निया पहिल्या वर्षातच अडकतात. म्हणजे वाट बघण्याचा काळ आणि धोक्याचा काळ नेमका एकच.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ऑपरेशनची वाट बघणाऱ्या, दोन वर्षांखालच्या हजारावर मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण १२ टक्के मुलांचा हर्निया अडकला होता. वर्षाच्या आतल्या बाळांत दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट बघितली, तर अडकण्याचं प्रमाण सुमारे ५ वरून १० टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट झालं होतं. तेव्हा तान्ह्या बाळासाठी दोन आठवडे हा हिशेब डोक्यात ठेवा. चार-पाच वर्षांच्या मुलात घाई थोडी कमी. काही आठवड्यांनी, शाळेची परीक्षा संपल्यावर केलं तरी चालतं, पण उन्हाळ्याची सुट्टी आठ महिन्यांवर असेल तर तोवर नको.

आमचं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं, अजून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आहे. त्याचंही लगेच करायचं?

इथे हिशेब बदलतो. इतक्या लहान फुप्फुसांना भूल जड जाते, आणि ऑपरेशननंतर श्वास मधेच थांबण्याचा धोका असतो. पूर्वी अशा बाळांचं ऑपरेशन एनआयसीयूतून घरी सोडण्याआधीच उरकण्याकडे कल होता. २०२४ साली अमेरिकेतल्या ३९ रुग्णालयांतल्या ३३८ बाळांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. घरी सोडण्याआधी ऑपरेशन केलेल्यांपैकी २८ टक्के बाळांना गंभीर त्रास झाले, आणि आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेलं वय ५५ आठवड्यांच्या पुढे गेल्यावर केलेल्यांत १८ टक्के. त्यामुळे अशा बाळांत थोडं थांबण्याचा सल्ला आता मिळू शकतो.

पण हे थांबणं कुणाला परवडतं? ज्यांना अडकल्याची लक्षणं पाठ आहेत आणि ज्यांच्या घरापासून सोय असलेलं रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे, त्यांना. घाटाखालच्या वाडीवर, पावसात रस्ता बंद होणाऱ्या गावी जाणाऱ्या बाळाचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तुमचं गाव कुठे आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाला ऑपरेशननंतर रात्रभर निरीक्षणाखाली ठेवतात, त्याला ना म्हणू नका.

सर्दी-खोकला असेल तर?

नुसतं नाक गळत असेल तर भूलतज्ज्ञ तपासून ठरवतील. ताप, कफाचा खोकला, घरघर असेल तर तारीख साधारण दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात. ऑपरेशनच्या सकाळी खोकला लपवू नका. लसीची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर तेही सांगा. लसीचा ताप की ऑपरेशनचा, हा गोंधळ नंतर नको.

ऑपरेशनमध्ये काय करतात? जाळी बसवतात का?

मुलांत जाळी नाही. जांघेच्या नैसर्गिक घडीत एक-दोन सेंटिमीटरची चीर देतात, पिशवी शोधतात, आत काही असेल तर पोटात परत सारतात, आणि पिशवी पोटाच्या जितक्या जवळ जाता येईल तिथे बांधून कापतात. संपलं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि पूर्ण दिवसांची निरोगी बाळं बहुधा त्याच दिवशी घरी जातात.

ऐकायला सोपं आहे. पण तान्ह्याची पिशवी कागदापेक्षा पातळ असते आणि तिला चिकटूनच शुक्रनलिका, म्हणजे शुक्राणू वाहून नेणारी नळी, आणि गोटीच्या रक्तवाहिन्या जातात. त्या केसाएवढ्या गोष्टी धक्का न लावता सोडवणं हे खरं कौशल्य. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाचं ऑपरेशन शक्यतो पीडियाट्रिक सर्जनकडूनच करून घ्या, आणि लहान मुलांना नेहमी भूल देणारा भूलतज्ज्ञ आहे का, हेही विचारा. असं विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

दुर्बिणीतून करावं की चीर देऊन?

दोन्ही चांगल्या पद्धती आहेत. दुर्बिणीतून दुसरी बाजूही दिसते, मुलींत आणि दोन्हीकडच्या हर्नियात सोय होते. एका बाजूच्या साध्या हर्नियात चिरेचं ऑपरेशनही तितकंच चांगलं, आणि बहुधा स्वस्त. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती घ्या.

दुसऱ्या बाजूला नंतर होईल का? आत्ताच दोन्ही उघडून बघा ना!

एका बाजूचं ऑपरेशन झालेल्या शंभरपैकी साधारण सात मुलांना पुढे दुसऱ्या बाजूला होतो. त्या सातांसाठी उरलेल्या त्र्याण्णवांची निरोगी बाजू उघडायची का, यावर सर्जनांत अजून वाद आहे. माझं मत, नको. दुर्बिणीतून बघताना तिथलं तोंड उघडं दिसलं तर बांधायचं का, हे आधीच बोलून ठरवा. उघडं तोंड म्हणजे हर्निया होणारच असं नाही.

एवढ्याशा बाळाला भूल? बुद्धीवर परिणाम होणार नाही ना?

या शंकेचं उत्तर योगायोगाने हर्नियाच्याच बाळांनी दिलंय. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत, हर्नियाचं ऑपरेशन होणाऱ्या ७२२ तान्ह्या बाळांचे दोन गट केले गेले. एका गटाला पूर्ण भूल, दुसऱ्याला जागेपणी पाठीत इंजेक्शन देऊन बधिरता. मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक मोजला, तर दोन्ही गटांची सरासरी जवळजवळ सारखी, ९९ च्या आसपास. हे निष्कर्ष २०१९ चे. तासाभराच्या आतली एक भूल बाळाच्या बुद्धीला बाधत नाही, असं यावरून खात्रीने म्हणता येतं.

उपाशी किती वेळ ठेवायचं?

साधारण नियम: आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ सांगितली तर तीच पाळा. बाळ रडतंय म्हणून आजीने लपून चमचाभर दूध पाजलं, तर ते कबूल करा. कुणी रागावलं तरी चालेल. भुलेत ते दूध फुप्फुसात जाणं फार महागात पडतं.

खर्च परवडत नाही. काय करावं?

महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात आणि ऑपरेशन लागणाऱ्यांना पुढे पाठवतात. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा. सरकारी रुग्णालयात मुंबईत केईएम आणि सायन, पुण्यात ससून इथे ही ऑपरेशनं नेहमीची आहेत. परळचं वाडिया रुग्णालय तर मुलांसाठीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आणि तुमच्या मुलाचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, ते तारीख घेण्याआधी विचारा. गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे.

सरकारी यादीत तारीख लांबची मिळाली, तर बाळाचं वय आणि हर्निया पूर्वी अडकला होता का, हे ठळक सांगा. तान्ह्यांना आणि एकदा अडकलेल्यांना आधी घेतात.

घरी आल्यावर काय काळजी घ्यायची?

भूल उतरली की दूध, मग नेहमीचं खाणं. कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन दिलं असेल तर काही तास पाय लुळे वाटतात, ते जातं. टाके बहुधा आतून आणि विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत. पहिले एक-दोन दिवस अंग पुसून घ्या, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अंघोळ. जखमेवर हळद, तेल, पावडर नको. लंगोट ओला झाला की लगेच बदला.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं, वजनाच्या हिशेबाने. इथे एक गोष्ट नीट बघा. बाळांचे थेंब आणि मोठ्या मुलांचं सिरप एकसारखं नसतं: थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सिरपचं माप बघून थेंब पाजले तर डोस दुप्पट ते चौपट होतो. दुकानदाराने बाटली बदलून दिली तर मात्रा पुन्हा विचारा.

अंडकोशावर थोडी सूज, निळसरपणा, चिरेखाली कडक कड लागणं हे नेहमीचं. काही आठवड्यांत जातं. रांगणारं, चालणारं मूल स्वतःला झेपेल तेवढंच हलतं, त्याला बांधून ठेवू नका. शाळा साधारण आठवड्याने. सायकल, कबड्डी, झाडावर चढणं यांना तीन-चार आठवडे सुट्टी. जखमेतून पू, १०१ च्या वर ताप, वाढती लाली, सतत उलट्या किंवा जांघेत पुन्हा फुगवटा दिसला तर त्याच दिवशी फोन करा.

पुन्हा होतो का? पुढे मूल होण्यात अडचण?

पूर्ण दिवसांच्या मुलात, ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर त्याच बाजूला पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. अडकलेल्या अवस्थेत केलेल्या आणि दिवस न भरलेल्या बाळांत ते वाढतं. शुक्रनलिकेला इजा होणं किंवा गोटी सुकणं हे धोके आहेत, पण क्वचित. गोटी सुकण्याचा धोका तर ऑपरेशनपेक्षा अडकलेल्या हर्नियात कितीतरी जास्त. ऑपरेशननंतर गोटी जागेवर आहे ना, दुसरीच्या बरोबरीने वाढतेय ना, हे सर्जन नंतरच्या भेटींत बघतात, म्हणून मूल बरं दिसलं तरी त्या भेटी चुकवू नका.

धाकट्या भावालाही तपासून घ्यावं का?

काही कुटुंबांत हर्निया एकाहून जास्त भावंडांत दिसतो, जुळ्यांत तर विशेष. त्यासाठी सोनोग्राफी वगैरे नको. अंघोळीच्या वेळी दोन्ही जांघा बघत राहा, आणि काही दिसलं तर फोटो काढून घेऊन या.